न चावलेला दाणा

प्रेमकुंवरबाईंनी दाणा चावल्याखेरीज त्या गावात कोणाची रास पोत्यात भरली जात नसे. हा नियम कोणी घालून दिला नव्हता आणि चाळीस वर्षांत कोणी मोडलाही नव्हता. गाव सोनगीरपासून दोन कोसांवर, आग्रा रस्त्यावरून आत वळलेले. बाईंच्या सासऱ्यांनी मारवाडातून येऊन तिथे धान्याची पेढी घातली, आणि लग्न होऊन आलेल्या आपल्या सुनेच्या दाढेला धान्याची पारख आहे हेही पहिल्यांदा त्यांनीच ओळखले. बाई राशीत कोपरापर्यंत हात घालत, तळातला दाणा वर काढत, उजव्या दाढेखाली धरत आणि डोळे मिटून फोडत. ज्वारी असो की बाजरी, दाणा कसा फुटला यावरून त्या एवढेच सांगत, "तीन उन्हं दे," किंवा "भर." तीन म्हणजे तीनच. कोणी दोन उन्हांवर भागवलेच, तर त्याच्या पेवातल्या ज्वारीला वास धरत असे आणि मग तो सहा महिने बाईंच्या ओट्यासमोरून मान खाली घालून जात असे.

यंत्र आले तरी हा रिवाज तसाच राहिला. बहात्तरच्या दुष्काळात बैलांसकट गाव अर्धे रिकामे झाले, आणि दुसऱ्या वर्षी बाईंचा मुलगा ज्ञानचंद याने मका सोलायचे मशीन मागवले. नरडाण्याच्या स्टेशनावर ते मालगाडीतून उतरले आणि बैलगाडीतून पेढीच्या आवारात आले. लोखंडी पेटी, पेटीत दातेरी ढोल, ढोलाखाली अर्धगोल जाळी, बाजूला पंखा. वरच्या तोंडातून कणसे टाकायची. तेलाच्या इंजिनाचा पट्टा ढोल फिरवी, दाणे जाळीतून खाली पडत, आणि सोललेली रिकामी कणसे दुसऱ्या अंगाने बाहेर फेकली जात. बाईंनी ते सारे पाहून घेतले आणि म्हटले, "सोलेल मशीन. पण सोलायचं कधी, ते मशीनला विचारू नका." ते बाईंनाच विचारायचे, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

मशीन चालवायला धुळ्याहून जब्बारमिस्तरी आले. पंचेचाळिशीचा माणूस, हाताला कायम तेलाचा वास, बोलणे मोजके. वीस वर्षे त्यांनी कापसाच्या जिनात काढली होती. ते इंजिनाजवळ बसत तेव्हा त्यांची नजर दुसरीकडेच कुठेतरी असे आणि कान मात्र ढोलावर असत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ज्ञानचंदला सांगितले होते, "ज्ञानूशेठ, ओला कापूस काय आणि ओला मका काय, मशीनला दोन्ही सारखेच. ओल असली की आवाज जड येतो. डोळ्याला नंतर दिसतं, कानाला आधी कळतं."

हे बाईंच्या कानावर गेले तेव्हा त्या हसल्या. "कानाने धान्य पारखणारा मी अजून पाहिला नव्हता," त्या सुनेला, लाडकुंवरला म्हणाल्या. "उद्या नाकाने कापड मोजतील."

त्या साली उखर्डू पाटलाने आपल्या विहिरीच्या पाण्यावर तीन एकरांत संकरित मक्याचे बियाणे घेतले होते. खाण्याचा मका नव्हे, पेरायचा. नर झाडांच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या, मादीचे तुरे दिवस उगवायच्या आत हाताने उपटायचे. उखर्डूने आणि त्याच्या बायकोने तीन आठवडे ते काम केले होते. दाणा नुसता दिसायला चांगला असून चालणार नव्हते, तो उगवायला हवा होता. धुळ्याच्या कचेरीतले तपासनीस येऊन नमुना नेणार होते. शंभर दाण्यांतले नव्वद उगवले तरच बियाणे पास. नाहीतर ती कोंबड्यांची भरड. पास झाले तर पंचक्रोशीतला पहिला बियाणेवाला म्हणून उखर्डूचे नाव लागणार होते, आणि पुढच्या साली आणखी दहाजण त्याच्या मागे येणार होते.

दसरा झाला. मशीनला झेंडूची माळ पडली. दुसऱ्याच दिवशी कणसे गाड्यांतून आवारात आली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, उखर्डू बाईंच्या ओट्याशी येऊन उभा राहिला.

बाईंचे आश्विनातले जैन व्रत, आयंबिलाची ओळी, चालू होते. नऊ दिवस, दिवसातून एकदाच एका बैठकीवर उकडलेले फिके अन्न घ्यायचे, ना तूप ना तेल ना गूळ. आणि एकदा पानावरून उठले की उकळून गार केलेल्या पाण्याखेरीज तोंडात काही घालायचे नाही. तो सहावा दिवस होता. बाई दुपारीच पानावरून उठल्या होत्या.

"अक्का, वर दखा," उखर्डू म्हणाला. "ढग जमी ऱ्हायनात. रातले पानी पडनं तं मना बठ्ठा मका जाई. आते सोलाले घेऊ?"

बाईंनी आकाशाकडे पाहिले. सातपुड्याच्या अंगाला खरेच काळे धरले होते.

"किती उन्हं दिलीस?"

"येथ आनाना पह्यले चार दिन उनमा पसारेल व्हता. वाळेल शे अक्का. तपासनीस सकायले येनार शेतस."

लाडकुंवर दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, मी चावून बघू का?"

"बिनणी, तुझ्या दाढेला चिवड्याची सवय. ही बियाण्याची रास आहे."

उखर्डू हसला, लाडकुंवरही पदरात हसली, आणि बाई उठल्या. सहा दिवसांच्या फिक्या जेवणाने उठताना जरा भोवळल्यासारखे झाले. त्यांनी ते कोणाला दिसू दिले नाही. ढिगाशी गेल्या, पण वाकल्या नाहीत. उखर्डूने वरची दोन कणसे उचलून त्यांच्या हातात दिली. उन्हाने कणसे गरम होती. बाईंनी अंगठ्याचे नख दाण्यात रुतवून पाहिले, नख रुतले नाही. कणीस कानाशी नेऊन हलवले. काही तरी खुळखुळल्यासारखे वाटले. चाळीस वर्षे ज्यांच्या दाढेने निवाडा दिला त्या बाई हातात मक्याचे कणीस धरून क्षणभर घुटमळल्या. ज्वारी त्यांना ठाऊक होती, बाजरी ठाऊक होती. मक्याचा दाणा त्यांनी आजवर तीन-चार राशींपलीकडे चावला नव्हता. "उद्या ये, आज माझं तोंड बंद आहे," एवढे म्हटले असते तरी चालले असते. व्रताने दाणा चावायला मनाई केली होती, "मला आज सांगता येत नाही" म्हणायला नव्हे. पण ते वाक्य बाईंच्या तोंडून आजवर कधी निघालेच नव्हते, आणि त्या दिवशीही निघाले नाही.

"चढवा मशीनवर," त्या म्हणाल्या.

इंजिन सुरू झाले. उखर्डूच्या घरची चार माणसे टोपल्या भरभरून कणसे वर टाकू लागली. पहिले पोते भरले नसेल तोच जब्बारमिस्तरींनी हात वर करून टोपल्या थांबवल्या, ढिगाच्या पोटातले एक कणीस ओढून काढले आणि दोन्ही हातांनी मोडायला घेतले. ते मोडले नाही, वाकले. मिस्तरी तसेच ओट्याकडे आले.

"अक्का, आवाज जड आहे. दाणा वरून वाळलाय, गाभ्यात ओल आहे. वाळलेलं कणीस टचकन मोडतं. हे बघा, चिपाडासारखं वाकतंय."

"मिस्तरी, पाऊस येतोय."

"मग वेग उतरवतो, जाळी दोन सूत सैल करतो. हळू होईल, पण दाणा वाचेल."

"आणि अर्धा दाणा कणसाला चिकटून बाहेर जाईल. उखर्डूचं बियाणं चुलीत घालायचं आहे का?" बाईंचा आवाज चढला. आवारातली सगळी माणसे वळून पाहू लागली, आणि ती पाहत आहेत म्हणून तो आणखी चढला. "रास मी पाहिली आहे. चालू ठेवा."

मिस्तरींनी ते वाकलेले कणीस खाली टाकले, इंजिनाशी गेले आणि चालू ठेवले.

अकरा पोती भरली. बाराव्याला पट्टा घसरू लागला, जळक्या रबराचा वास सुटला, ढोल एकदा कण्हला आणि थांबला. मिस्तरींनी इंजिन बंद करून पेटीचे झाकण उघडले. जाळीच्या भोकांत पिठाचा लगदा बसला होता, ओला, पिवळा, गुळगुळीत. ज्ञानचंदने भरलेल्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे बाहेर काढले. बरेच फुटलेले होते. जे अख्खे दिसत होते त्यांचीही टोके खरडलेली, आणि जिथे कोंब दडलेला असतो ती पांढरी जागा ठेचलेली.

उखर्डूने ते दाणे तान्हे मूल घ्यावे तसे अलगद ज्ञानचंदच्या हातातून घेतले. तो मिस्तरींकडे वळला.

"जब्बारभाई, हाई काय करं तू? मशीन टाईट करी ठेवं ना! जिनमा कापूस दाबस तसा मना मका दाबी टाका!"

मिस्तरींनी ओट्याकडे पाहिले. एकदाच. मग खाली पाहून ते पान्ह्याने जाळीचा लगदा खरवडू लागले.

बाई काही बोलल्या नाहीत.

पाऊस पडलाच नाही. संध्याकाळी ढग गुजरातेकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. अकरा पोत्यांतून त्यांनी नमुना काढला, कपाळाला आठी घातली आणि एवढेच म्हणाले, "फूट फार आहे. बघू काय उगवतं ते." उरलेली अर्धी कणसे त्यांनी तशीच राहू द्यायला सांगितली. जाताना ज्ञानचंदला एक युक्तीही सांगून गेले: कोरड्या बाटलीत कोरडे मीठ आणि मक्याचे दाणे घालून हलवायचे, मीठ काचेला चिकटले तर ओल जास्त, खाली सुटे पडले तर सोलायला हरकत नाही.

गावात मात्र निकाल आधीच लागला होता. मशीन मिस्तरींनी घट्ट ठेवले. काम लवकर उरकावे म्हणून वेग चढवला. धुळ्याच्या माणसाला बियाण्याचे काय. सुकदेव सुताराने पारावर सांगितले की त्याने स्वतः मिस्तरींना नट आवळताना पाहिले होते, आणि ते खरेही असेल, कारण मिस्तरी रोजच नट तपासत. ज्ञानचंदने आईला विचारले, "बाई, शिरपूरहून दुसरा मिस्तरी आणावा असं लोक म्हणतात. काय करू?"

"निकाल येऊ दे," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच आवाजाचा त्यांना तिटकारा आला.

त्या चार दिवसांत बाईंनी सामायिकाला बसून कितीदा मन एकाग्र करायचा यत्न केला, पण माळ फिरवताना त्यांना जाळीतला तो पिवळा लगदा दिसे. मिस्तरी रोज सकाळी येत, इंजिनाला तेल घालत, मशीनचा प्रत्येक भाग पुसत आणि कोणी काही काम सांगत नाही म्हणून आवाराच्या कडेला बसून राहत. त्यांच्याकडे पाणी मागायला कोणी जात नसे, आणि त्यांना पाणी विचारायलाही कोणी जात नसे. एकदा लाडकुंवरने चहा पाठवला. तो त्यांनी घेतला आणि कप स्वतः धुऊन परत पाठवला.

पौर्णिमा झाली, ओळी पुरी झाली. पारण्याच्या सकाळी मुगाचे पाणी आणि लापशी घेऊन बाई पानावरून उठल्या त्या थेट आवारात गेल्या. ढिगाशी बसल्या. या खेपेला कोपरापर्यंत हात घातला, पोटातले कणीस काढले, दाणा सोडवला आणि उजव्या दाढेखाली धरला.

दाणा फुटला नाही. चपटा झाला. दाढेला चिकटला.

चार दिवस आणखी उलटूनही तो असा होता. म्हणजे त्या दिवशी कसा असेल! पलीकडे मिस्तरी पट्ट्याला राळ लावत होते. त्यांनी पाहिले होते हे बाईंना ठाऊक होते, आणि त्यांनी पाहिले नाही असे दाखवले हेही ठाऊक होते.

तरी त्या दिवशीही त्या बोलल्या नाहीत. आपल्याला कोणाची भीती वाटते आहे, हे त्यांना कळेना. उखर्डूची? त्याला तर त्यांच्यासमोर बसायलाही दोनदा सांगावे लागे. मुलाची? सुनेची? भीती माणसांची नव्हतीच. सकाळी ओट्यावर येऊन बसले की हातात दाणे घेऊन येणारी माणसे समोर उभी असत. उद्यापासून ओट्यापुढची ती जागा रिकामी दिसेल, याची भीती होती.

निकाल नवव्या दिवशी आला. शंभरांतले एकसष्ट.

उखर्डू आला, त्याच्याबरोबर त्याचे दोघे भाऊबंद आले, सुकदेव आला. ज्ञानचंदने चिठ्ठी वाचून दाखवली. कोणी काही बोलायच्या आत जब्बारमिस्तरी उठले, आपली हत्यारांची पेटी त्यांनी बंद केली आणि ती उचलून ज्ञानचंदसमोर आले.

"ज्ञानूशेठ, मी निघतो. दुसरा माणूस बघा."

"बस खाली, मिस्तरी," ओट्यावरून आवाज आला. "कोणी कुठे जात नाही."

बाई पायऱ्या उतरून आवारात आल्या. पदर डोक्यावर नीट घेतला आणि उखर्डूसमोर उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी मी दाणा चावला नाही. माझी ओळी चालू होती, तोंड बंद होतं. वरचं कणीस हातात घेऊन मी अंदाजाने हो म्हटलं. मिस्तरींनी मला सांगितलं की ओल आहे, वेग उतरवू या, जाळी सैल करू या. मी चालू ठेवायला लावलं. मशीन घट्ट नव्हतं. चूक माझी आहे."

मग उखर्डूने दोन्ही हात जोडले.

"अक्का, तुमना जीव मोठा शे. परका मानूसना दोष आपला डोकावर लेतस."

"मी खरं सांगते आहे, उखर्डू."

"व्हय अक्का. आमले समजनं." त्याने भावाकडे पाहिले. भावाने मान डोलावली. सुकदेव म्हणाला, "अशी माणसं आता कुठे राहिली?" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

बाई थक्क झाल्या. चाळीस वर्षांत त्यांच्या शब्दावर कोणी शंका घेतली नव्हती. त्यांनी "भर" म्हटले की पोती भरली गेली, "थांब" म्हटले की घरचे लग्न तोंडावर असले तरी लोक थांबले. आणि आज पहिल्यांदा त्या काही सांगत होत्या आणि कोणी ते खरे मानत नव्हते. त्या मिस्तरींकडे वळल्या. मिस्तरींच्या हातात अजून पेटी होती. त्यांच्या चेहऱ्यावर ना आभार होते ना राग. या बोलण्याने आपले काही सुटणार नाही, हे त्यांना बाईंच्या आधी कळले होते. आता ते "अक्कांनी पोटात घातलेला माणूस" होणार होते, एवढेच.

बाईंना संताप आला, आणि त्या संतापाने त्यांचे डोके स्वच्छ झाले.

"ज्ञानू, गेरू आण. ओला करून आण."

"गेरू?"

"ऐकू आलं ना?"

गेरू आला. बाईंनी उखर्डूला मशीनपाशी नेले. "जाळीचे नट कुठले, मिस्तरी? दाखवा त्याला. उखर्डू, तुझ्या हाताने प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ ओढ. नट केसभर फिरला तरी रेघ तुटेल. त्या दिवशी जसं होतं तसंच मशीन आहे. मिस्तरींनी खरवडल्याशिवाय काही केलेलं नाही, ते मी रोज ओट्यावरून बघते आहे. इंजिनाच्या वेगाच्या खिट्टीलाही रेघ ओढ."

उखर्डूने रेघा ओढल्या. त्याला कळत नव्हते हे काय चालले आहे, पण बाई सांगत होत्या म्हणून तो ओढत होता.

"आता ही उरलेली कणसं तुझी, तू वाळव. एका थरात पसर, दिवसातून दोनदा उलट. ज्ञानू तुला बाटली देईल. मीठ काचेला चिकटेनासं झालं की मला सांगायला येऊ नकोस, मिस्तरींना सांग. मशीन हेच, रेघा याच, माणूस हाच. मग बघू घट्ट काय होतं ते."

ऊन चांगले पडले. उखर्डूची बायको कुंदाबाई दोन्ही वेळा येऊन दाताळ्याने कणसे उलटवी, आणि उलटताना एकदा बाईंना ऐकू जाईल अशा बेताने नवऱ्याला म्हणाली, "अक्कासना त्या दिनना शबद खोटा व्हवावा म्हनीसन आपुन राबी ऱ्हायनूत." बाईंनी ते ऐकले आणि गिळले. रोज संध्याकाळी ज्ञानचंद बाटली हलवून काचेकडे पाही. सात दिवस मीठ चिकटत राहिले, रोज थोडे कमी. आठव्या दिवशी ते खाली सुटे पडले.

त्या दुपारी आवारात गाव जमले. मिस्तरींनी उखर्डूला एकेक रेघ दाखवली. कुठली तुटलेली नव्हती. इंजिन सुरू झाले, टोपल्या रित्या होऊ लागल्या. बाईंना यंत्रातले काही कळत नसे, पण त्या दिवशी त्यांनाही ऐकू आले: ढोलाचा आवाज मोकळा होता, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कोरडा, वाजता. रिकामी कणसे अखंड बाहेर उडत होती. पट्टा एकदाही घसरला नाही.

पहिले पोते भरले तशी मिस्तरींनी इंजिन बंद केले आणि ते बाजूला झाले. उखर्डूने ओंजळ भरली. एकेक दाणा उलटून पाहिला, टोकाशी, कोंबाशी. बराच वेळ पाहिला. अख्खे होते. भिंतीशी ती अकरा पोती रचलेली होती. तो त्यांच्याकडे वळला, एकातून मूठभर काढून त्याने दुसऱ्या हातावर घेतले, आणि दोन्ही हात शेजारी धरून तो उभा राहिला. त्या अकरा पोत्यांमध्ये त्याचे तीन आठवडे होते, त्याच्या बायकोने अंधारात उठून उपटलेल्या तुऱ्यांची ओझी होती. बाईंनी नजर काढून घेतली नाही. आता त्याला कळले होते. त्याने बाईंकडे पाहिले तेव्हा त्याच्या डोळ्यांत आदर होता तसाच होता, पण त्याच्या शेजारी आणखी काही येऊन बसले होते, आणि ते आता उठणार नव्हते.

"जब्बारभाई," तो म्हणाला, "मी जे बोलनू ते..."

"राहू दे, पाटील." मिस्तरींनी हात पुसले. मग ते ओट्यासमोर आले. "अक्का, एक बोलू?"

"बोला."

"त्या दिवशी मला कळलं होतं. पहिल्या पोत्यालाच कळलं होतं. तुम्ही चालू ठेवा म्हणालात आणि मी ठेवलं. अकरा पोती ठेवलं. तुमची चूक तुम्ही चारचौघांत सांगितलीत. माझी मला कोणी विचारली नाही, म्हणून मीच सांगतो." ते थांबले. त्यांना इतके बोलायची सवय नव्हती. "यापुढे आवाज जड लागला की मी इंजिन बंद करणार. कोणी चालव म्हटलं तरी नाही चालवणार. हे मंजूर असेल तर राहतो. नसेल तर धुळ्याची गाडी तीन वाजता आहे."

ज्ञानचंद पुढे होऊन काही बोलणार होता. बाईंनी त्याच्याकडे न पाहताच हाताने त्याला थांबवले.

"मी म्हटलं तरी नाही?"

"तुम्ही म्हटलं तरी नाही, अक्का."

बाईंच्या कपाळाची शीर ताठली. सासऱ्यांच्या हयातीतही त्यांना कोणी असे तोंडावर सांगितले नव्हते. त्यांनी ओठ घट्ट मिटले, आणि मिटलेल्या ओठांनी त्या उभ्या राहिल्या त्या इतका वेळ की लाडकुंवर दारातून दोन पावले पुढे आली.

"मंजूर," बाई म्हणाल्या.

मिस्तरींनी मान लववली आणि ते पट्टा पाहायला गेले. ढिगात कणसे अजून पुष्कळ होती. माणसांनी टोपल्या भरल्या, आणि भरलेली टोपली खांद्यावर घेऊन उखर्डू सवयीने ओट्याकडे वळला.

"टाकू का, अक्का?"

"मला काय विचारतोस?" बाई म्हणाल्या. "त्यांना विचार."